हॉर्न वाजला होता का

टेम्पोवाल्याचे कापडाचे तीन तागे गटारात पडले, आमच्या गाडीचा डावा दिवा फुटला आणि माझ्याकडची किल्ली सासऱ्यांच्या कपाटात गेली. पहिल्या दोन नुकसानींसाठी विमा कंपनीकडे छापील अर्ज होते. तिसरीसाठी अर्ज कुठेच मिळत नव्हता, आणि मला दुःख फक्त तिचंच होतं.

किल्लीचं एवढं काय, असं आज कुणीही विचारेल. पण ती मला सहज मिळाली नव्हती. सासरे भिवंडीच्या कोर्टात दिवाणी वकील. एका पक्षकाराकडून त्यांनी जुनी मोटार घेतली आणि दोन वर्षांत त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. माझा नवरा नोकरीला नागपुरात, महिन्यातून दोन दिवस यायचा आणि ते दोन्ही दिवस झोपून काढायचा. गाडी अंगणात ताडपत्रीखाली उभी. आणि मी रोज साडी एका हाताने वर धरून, गटारं चुकवत, गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मुलींच्या शाळेत शिकवायला चालत जायची. एकदा जेवताना मी म्हटलं, मी गाडी शिकते. सासरे म्हणाले, "शिकायला कुणाची ना आहे?" मी कशेळीच्या रस्त्यावर खाडीचा वारा खात दोन महिने शिकले, लायसन आणलं आणि किल्ली मागितली. ना म्हणायची वेळ दोन महिन्यांपूर्वीच होऊन गेली हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटाची गोष्ट. भिवंडीत तेव्हा गाडी चालवणारी बाई डॉक्टरीण असली तर लोक समजून घेत. शिक्षिका असली तर थांबून बघत. मला त्याचं काही वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर थोडं आवडतही होतं. चार महिने मी त्या किल्लीच्या जोरावर अगदी तोऱ्यात होते.

अपघात झाला तो गुरुवारी सकाळी. आमच्या घरापासून नाक्याकडे जाणारी गल्ली दोन्ही बाजूंनी पॉवरलूमच्या शेडनी भरलेली. लूम चालू असले की त्या गल्लीत शेजारच्या माणसाचं तोंड हलताना दिसतं आणि शब्द काही पोचत नाही. आम्ही तिथे राहणारी माणसं घरातसुद्धा ओरडून बोलायचो आणि शुक्रवारी, लूमच्या सुट्टीच्या दिवशी, आपण का ओरडतोय म्हणून दचकायचो. गल्ली नाक्याच्या रस्त्याला मिळते तिथे समोरचं काही दिसत नाही. मी नियमाप्रमाणे वेग कमी केला, हॉर्न तीनदा दाबला आणि वळले. उजवीकडून तागे भरलेला टेम्पो आला. माझ्या गाडीचं नाक त्याच्या फळीला लागलं. फार जोरात नाही. पण फळी उघडली आणि वरचे तीन तागे आरामात घरंगळत गटारात गेले.

टेम्पोतून मालक स्वतः उतरला. राहनाळचा, पन्नाशीचा, पांढरा सदरा, गळ्यात सोन्याची साखळी. शेतावर गोडाऊन बांधून बरं चाललेलं, तरी टेम्पो दुसऱ्याच्या हातात द्यायला तयार नसलेला माणूस. त्याने आधी तागे बघितले, मग मला.

"वैनी, हारन तरी वाजवायचा व्हता!" तो माझ्या खिडकीशी येऊन ओरडला. तिथे ओरडल्याशिवाय इलाज नव्हता.

"वाजवला! तीनदा वाजवला!"

"येकदाबी न्हाय वाजला."

"तुम्ही बहिरे आहात."

"मी बहिरा न्हाय, मी राहनाळचा हाय!"

त्याच्या बाजूने हे उत्तर बिनतोड होतं. बहिरे असायचे ते लूमवाले. राहनाळ खेडं, तिथे शेतं आणि गोडाऊनं. त्याचे कान शाबूत असणार हे मलाही मान्य करावं लागलं, फक्त मी ते तोंडाने मान्य केलं नाही.

गर्दी जमली नाही, कारण लाईट होती. लाईट असताना भिवंडीत अपघातालाही लूम सोडून कुणी बाहेर येत नाही.

फुटक्या दिव्याची गाडी अंगणातच उभी होती, तेवढ्यात आठवड्याभरात टेम्पोवाल्याने आमच्या विमा कंपनीकडे ताग्यांच्या भरपाईचा दावा लावला. आमचा विमा समोरच्याच्या नुकसानीपुरताच होता, म्हणजे चूक माझी ठरली तर पैसे कंपनीचे जाणार. मला वाटलं, सासरे खूश होतील. पण त्यांनी वकिली थाटात मला समोर बसवलं.

"निकाल लागेपर्यंत किल्ली माझ्याकडे. चूक त्याची ठरली तर किल्ली तुझी. तुझी ठरली तर गाडी विकून टाकायची. गाडी हा मुद्देमाल आहे, तिला कुणी हात लावायचा नाही."

त्यांनी स्वतःच्या हाताने ताडपत्री ओढली आणि चारी कोपऱ्यांना विटा ठेवल्या. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या घरात फार कमी बोलायच्या, त्यामुळे मी त्यांच्या गप्प बसण्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं.

मी पुन्हा साडी धरून चालायला लागले. चार महिन्यांत पाय लाडावले होते. वाटेतला पानटपरीवाला पहिल्या दिवशी म्हणाला, "मॅडम, आज पैदल?" आणि पुढचे आठ दिवस रोज म्हणाला. मी त्याच्याकडून काही घेत नव्हते, तरी त्याला ही चौकशी करायचा हक्क कुठून मिळाला होता कुणास ठाऊक.

मग कंपनीचं पत्र आलं. सर्व्हेअर पाहणीला येणार आणि मुख्य प्रश्न एकच: वळताना हॉर्न वाजवला होता की नव्हता. सासऱ्यांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

"हॉर्न दाबलास, नक्की?"

"तीनदा."

"हं."

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "मिटवून टाकू. ताग्यांचे पैसे मीच देऊन टाकतो. कशाला वाढवायचं?"

हा माणूस बांधावरच्या आंब्यासाठी भावाभावांना अकरा वर्षं कोर्टात उभं करणारा. तडजोड हा शब्द त्यांच्यासमोर काढला तर पक्षकाराचा कागद परत द्यायचे. आणि आज दिव्याची काच आणि तीन ताग्यांवर मिटवायला निघाले होते. याचा अर्थ मी एकच लावला. त्यांना वाटतंय मी खोटं बोलतेय. मी हॉर्न दाबलाच नाही आणि आता त्यांना माझी अब्रू झाकायची आहे. मला ते फार लागलं. भांडले असते तर चाललं असतं, पण ही दया मला नको होती.

"मिटवायचं नाही," मी म्हटलं. "मी साक्षीदार आणते."

साक्षीदार म्हणजे कोपऱ्यावरच्या शेडमधले कारागीर. आता चालू लूम सोडून कारागीर बाहेर येत नाही. त्याला गाठायचं तर लाईट जायला हवी. एरवी दिवसातून दोनदा जाणारी लाईट त्या आठवड्यात अशी काही टिकली की विचारू नका. शाळा सुटली की मी पानटपरीशेजारच्या ओट्यावर वह्या तपासत बसायची. टपरीवाल्याला आता विचारायला नवीन प्रश्न मिळाला होता. सगळी भिवंडी लाईट जाऊ नये म्हणून वीजमंडळाला शिव्या घालत असताना, ती जावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेली मी एकटीच असेन.

तिसऱ्या दिवशी गेली. आधी एक शेड थांबली, मग तिच्या पलीकडची, मग सगळी गल्ली. एकदम इतकं शांत झालं की पिंपळावरचा कावळा ऐकू आला. कारागीर लुंग्या सावरत, भुवयांवरचा कापूस झटकत बाहेर आले आणि बिड्या पेटवू लागले. मी वही बंद करून त्यांच्यात शिरले आणि वर्गात विचारावं तसं विचारलं, अपघात झाला त्या सकाळी हॉर्न कुणी कुणी ऐकला?

ते एकमेकांकडे बघून हसायला लागले. "मैडम, हम को तो खाने की छुट्टी की सीटी नहीं सुनाई देती."

तेवढ्यात कडेला बसलेला एक वयस्क कारागीर उठला. पांढरी दाढी, कानाच्या पाळीवरसुद्धा कापूस. तो म्हणाला, "सुना नहीं. देखा."

त्याचा लूम खिडकीशी होता आणि खिडकी बरोबर कोपऱ्यावर उघडत होती. वीस वर्षं लूमवर काम केलेली माणसं आपसात ओठांवरून आणि बोटांवरून बोलतात. मुकादम शेडच्या दुसऱ्या टोकाला उभा राहून शिफ्ट बदलल्याचं सांगतो आणि यांना ते कळतं. "आप ने ऐसा किया," असं म्हणून त्याने हवेत तळहात तीनदा दाबला. "तीन बार. मैं बोलेगा. वकीलसाब के सामने बोलेगा."

मला त्याला तिथेच नमस्कार करावासा वाटला. तेवढ्यात लाईट आली आणि सगळे आत पळाले.

पाहणीच्या दिवशी सर्व्हेअर ठाण्याहून स्कूटरवरून आला, वर्षभरापूर्वी नोकरीला लागल्यासारखा कोवळा. टेम्पोवाला आला, साखळी सदऱ्याच्या वर काढून. कारागिराची रात्रपाळी होती, तो लाल डोळ्यांनी आला आणि खुर्ची न घेता ओट्याच्या पायरीवर बसला. सासरे कोट घालून बसले होते. आमच्या अंगणाच्या भिंतीपलीकडे आठ लूमची शेड होती आणि ती चालू होती, म्हणून सगळी सुनावणी वरच्या पट्टीत झाली.

कारागिराने तळहात तीनदा दाबून दाखवला. सर्व्हेअरने लिहून घेतलं. मी सासऱ्यांकडे विजयी नजरेने बघितलं. ते अंगणातल्या तुळशीकडे बघत होते.

"और कुछ देखा?" सर्व्हेअरने विचारलं.

"देखा," कारागीर म्हणाला. "हॉर्न के बाद मैडम कुछ बोली."

"क्या बोली?"

त्याने घसा साफ केला. वीस वर्षांत त्याची मराठी चांगली तयार झाली होती. "बोली, मेल्या, डोळे काय घरी ठेवून आलास?"

सासऱ्यांनी मान वळवली. मी पदर सारखा केला.

"और भी बोली," कारागीर म्हणाला. "लेकिन वो मैं वकीलसाब के सामने नहीं बोलेगा."

इथे टेम्पोवाला खुर्चीतून उठलाच. "बराबर हाय! दोनी ऐकल्या मी! दुसरी तर माझ्या आयशीवर व्हती!"

ती त्याच्या आईवर नव्हती, बैलावर होती. पण ते सिद्ध करायचं तर ती उच्चारावी लागली असती.

"सायब, आता तुमीच सांगा," तो सर्व्हेअरकडे वळला. "वैनींची शिवी मला ऐकू आली. तोंडाची शिवी. मंग गाडीचा हारन कसा न्हाय ऐकू येनार?"

सर्व्हेअरचं पेन थांबलं. माझंही डोकं थांबलं. इतके दिवस मी म्हणत होते की लूमच्या आवाजात त्याला ऐकू आलं नसेल, आणि आता माझ्याच तोंडाने माझा घात केला होता.

"हॉर्न तपासू," सर्व्हेअर म्हणाला.

"गाडी मुद्देमाल आहे," सासरे म्हणाले.

"म्हणूनच तपासू, साहेब."

विटा काढल्या, ताडपत्री काढली. सर्व्हेअर आत बसला आणि त्याने हॉर्न दाबला. भिंतीपलीकडे आठ लूम धडधडत होते. आम्ही सगळे गाडीभोवती कान लावून उभे.

"वाजला?" त्याने आतून विचारलं.

"वाजला वाटतं," मी म्हटलं.

"न्हाय वाजला," टेम्पोवाला म्हणाला.

कारागीर नुसता हसला. त्याला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता. सर्व्हेअरने पाच-सहा वेळा दाबला. दर वेळी मला वाजल्यासारखं वाटे आणि टेम्पोवाल्याला न वाजल्यासारखं. शेवटी सर्व्हेअरने घाम पुसून विचारलं, की इथे शांतता केव्हा असते. शुक्रवारी, असं आम्ही सगळे एकदम म्हणालो. शुक्रवारला पाच दिवस होते.

चहा झाला. दुसरा चहा झाला. सर्व्हेअर किक मारायला उठला आणि लाईट गेली.

लूम एकेक करत थांबले. सर्व्हेअर पळत जाऊन गाडीत बसला आणि त्याने तळहात रोवून हॉर्न दाबला. पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. अंगणात सासऱ्यांच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती, पण हॉर्नचा आवाज नव्हता.

बॉनेट उघडलं. हॉर्नच्या जागी दोन वायरी होत्या, काळी चिकटपट्टी नीट गुंडाळून ठेवलेल्या. हॉर्न नव्हताच. चोर असा चिकटपट्टी लावून जात नाही, एवढं सर्व्हेअरलाही कळलं. तो माझ्याकडे बघायला लागला. टेम्पोवालाही. मी तोंड उघडं टाकून त्या वायरींकडे बघत होते.

"तिला काय विचारता?" दारातून सासूबाई म्हणाल्या. "ह्यांना विचारा."

सासरे उठले, कोटाचं बटण लावलं, पुन्हा काढलं. कोर्टात चाळीस वर्षं बोललेला माणूस शब्द शोधत होता. "अपघाताच्या आदल्या रविवारी," ते म्हणाले, "मिस्त्रीला सांगून मीच काढवला."

"का?" हे मी नाही, टेम्पोवाल्याने विचारलं.

"शुक्रवारी लूम बंद असतात. ही वाजवत गेली की सगळी गल्ली गच्चीवर येते. कोर्टाच्या बाररूममध्ये वकील विचारतात, वकीलसाहेब, सूनबाई निघाल्या वाटतं. रोज विचारतात." ते थांबले. "म्हटलं, हळूच गेली तर बरं."

रविवार ते गुरुवार. मधे शुक्रवार आला असता तर मला कळलं असतं. चार दिवस मी त्या आवाजात नसलेला हॉर्न दाबत हिंडत होते, आणि तेही पूर्ण विश्वासाने. आणि नंतरचे सगळे दिवस ते मला विचारत होते, दाबलास नक्की?

मला राग आला. सासऱ्यांवर यावा असा नव्हे, माणसावर यावा तसा आला. "बाबा," मी म्हटलं, "त्या टेम्पोच्या जागी माझ्या शाळेतली एखादी पोरगी असती तर?"

त्यांनी कोटाचं बटण परत लावलं. आणि नेमकी लाईट आली. भिंतीपलीकडे आठही लूम सुरू झाले. मी थांबले नाही. मी पुढे बरंच बोलले, अगदी मनापासून बोलले, आणि त्यातलं एक अक्षरही कुणाला ऐकू गेलं नाही. फक्त त्या कारागिराने माझ्या तोंडाकडे बघून सगळं वाचलं आणि हळूच नजर खाली घातली. सासरे त्याच्याकडे बघत होते. मी काय म्हणाले ते त्यांना त्याच्या चेहऱ्यावरून कळलं असावं.

सर्व्हेअर कागद आवरत म्हणाला, हॉर्न नसलेली गाडी रस्त्यावर काढली तर कंपनी हात वर करणार. सासरे म्हणाले, योग्य आहे, ताग्यांचे पैसे मी देतो. टेम्पोवाल्याने हात झटकला.

"तागे धुतले, सुकवले, इकलेबी. पैसं नको, वकीलसायब. नाक्यावर सगळे बोलतात, बाईमानसाशी खोटं बोलला. मी खोटा न्हाय, येवढं लिवून द्या."

सासऱ्यांनी ते लिहून दिलं नाही, टाइप केलं. स्टॅम्पपेपरवर, दोन दिवस घेऊन, स्वतःच्या मशीनवर. त्यात लिहिलं होतं की अमुक रोजी हॉर्न वाजला नाही हे खरे, तो वाजवण्याचा प्रयत्न चालकाने तीन वेळा केला हेही खरे, आणि दोष सर्वस्वी गाडीच्या मालकाचा. शिव्यांचा उल्लेख त्यांनी गाळला. शनिवारी दुपारी मी शाळेतून आले तर माझ्या ताटाशेजारी किल्ली होती.

"राहनाळला जायचंय," ते म्हणाले. "कागद द्यायला."

"हॉर्न कुठंय?"

तो परत मिळण्यासारखा नव्हता. मिस्त्रीने तो एका रिक्षाला बसवला होता आणि रिक्षावाला तो सोडायला तयार नव्हता. नवा ठाण्याहून यायचा होता.

"मग मी गाडी काढणार नाही," मी म्हटलं. "हॉर्नशिवाय एक फूटसुद्धा नाही."

"मी आहे ना," सासरे म्हणाले.

याचा अर्थ मला गाडी सुरू होईपर्यंत कळला नाही. ते नेहमी मागे बसायचे, पक्षकारासारखे. त्या दिवशी पुढचं दार उघडून माझ्या शेजारी बसले, काच पूर्ण खाली केली आणि गल्लीच्या तोंडाशी मी वेग कमी केला तशी त्यांनी कोटासकट कमरेपर्यंत अंग बाहेर काढलं. दोन्ही बाजूंना लूम धडधडत होते.

"बाजू! ओ, बाजू!" ते ओरडले.

कुणी हललं नाही. समोर सुताच्या पेट्यांची हातगाडी आडवी होती. त्यांनी कोर्टातला आवाज लावला, कारखान्याच्या भोंग्यासारखा. हातगाडीवाला वळला, टपरीवाला टपरीतून बाहेर आला, खिडकीत कारागीर उभे राहिले. वकीलसाहेब गाडीच्या खिडकीतून लोंबकळून का ओरडताहेत हे कुणालाच कळेना.

"क्या हुआ, वकीलसाब?" हातगाडीवाल्याने दोन्ही हात हलवून विचारलं.

"काही झालं नाही!" सासरे नाक्यापर्यंत पोचेल असं ओरडले. "माझी सून गाडी चालवतेय! बाजूला व्हा!"

हातगाडी बाजूला झाली. मी पहिला गिअर टाकला आणि वळले.